डावऱ्याचं अक्रोड

१

लाकूड बदललेलं होतं.

हे मला कळलं तेव्हा मांडीवर गिटार पालथी होती आणि तोंडात चार स्क्रू होते. एकही गिळला नाही, हे माझं नशीब.

आधी त्या गिटारीबद्दल सांगतो, कारण तिला बघितल्याशिवाय गुन्हा कळायचा नाही. चार तारांची बेस गिटार. ज्यांचा हा गिटारींचा कारखाना त्या तात्यांनी हाताने घडवलेली, एकाच माणसासाठी, त्याच्या बोटांची मापं घेऊन. मान पाच लाकडी पट्ट्या चिकटवून केलेली. तीन फिकट मेपलच्या, मध्ये दोन काळपट वेंगेच्या. मेपल ताठ असतं आणि वेंगे हट्टी, दोघांना शेजारी बसवलं की मान वर्षानुवर्षं वाकत नाही. वर बोटं दाबायला एबनी लाकडाची पट्टी, इतकी काळी की तिच्यात छताचा दिवा दिसत होता. ही मान अंगाला चार स्क्रूंनी जोडलेली. आणि अंग अक्रोडाचं. एक जाड फळी मधोमध चिरून पुस्तकासारखी उघडलेली, त्यामुळे एका बाजूची प्रत्येक रेष दुसऱ्या बाजूला जोडीने हजर. रेषांत जांभळी झाक. एकदा हात फिरवला की परत फिरवावासा वाटायचा. मी तीस वर्षं गिटारींमध्ये वायरी घालतोय, सहसा कशाला भुलत नाही. हिच्यापायी माझा चहा थंड झाला.

वायरी बसवायला गिटारीच्या पाठीत एक खोबणी कोरतात. ती माझ्याकडे नेहमी कोरी येते. आतून मी एक काळा रंग लावतो, त्याने स्पीकरमधली खरखर अडते. रंगाला असा वास येतो की त्या कामाला माझ्याशिवाय कोणी हात लावत नाही.

आज खोबणी आधीच काळी होती.

"ताई," मी तात्यांच्या लेकीला हाक मारली. ती पलीकडच्या बाकावर दुसऱ्या एका मानेवरचे फ्रेट, म्हणजे सुरांच्या आडव्या तारा, घासत होती. "माझं काम कोणी केलं?"

"मी. म्हटलं तुझा वेळ वाचेल."

वीस वर्षांत ह्या बाईने मला साधी खुर्ची पुढे केली नव्हती. तिला माझ्या वेळेची काळजी? मी स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने आतला रंग नखभर खरवडला.

आत करडं, पिठूळ लाकूड. जांभळी रेघ औषधालाही नाही.

आणि गिटार न्यायला धाकटी उद्या चार वाजता येणार होती.

२

धाकटी म्हणजे डावऱ्याची बहीण.

डावऱ्या बेस वाजवायचा. डाव्या हाताने, म्हणून डावऱ्या. बावीस वर्षांत त्याने तात्यांकडून सहा गिटारी बनवून घेतल्या. धाकटीला त्यानेच शिकवलं. ती उजव्या हाताची, त्यामुळे दोघं समोरासमोर बसायचे आणि ती त्याला आरशात बघितल्यासारखं बघून शिकायची. दोघांचं भांडणही तसंच चालायचं. तो म्हणाला हो की ही नाही.

आठ महिन्यांपूर्वी तो गेला. पंचेचाळीसचा होता. त्याच्या पलंगाखाली चादरीत गुंडाळलेली एक अक्रोडाची फळी निघाली. वीस वर्षांपूर्वी घेतलेली, हवेवर वाळवलेली. "पन्नाशीची गिटार ह्यातून," असं तो सगळ्यांना सांगायचा. तीच फळी धाकटी दोन्ही हातांत धरून तात्यांच्या कारखान्यात घेऊन आली, तेव्हा मी तिथेच होतो.

"ह्यातून माझ्यासाठी बनवा," ती म्हणाली. "त्याची सहा गाणी अर्धी राहिलीयत. ती मला ह्याच लाकडावर पुरी करायचीयत. दुसरं कितीही भारी असलं तरी नको."

तात्यांनी एका कोपऱ्यावर रंधा फिरवला. मी बोटाला थुंकी लावून तिथे घासलं, आणि लाकूड पिकल्या जांभळासारखं उजळलं. हवेवर निवांत वाळलेलं अक्रोड असंच असतं. बाजारात मिळतं ते वाफेवर शिजवलेलं. त्याचा रंग सगळीकडे सारखा होतो, पण तो जांभळा जीव उडून जातो.

माझ्या मांडीवर होतं ते शिजवलेलं होतं. वरून कोणीतरी त्याला जांभळं केलं होतं, आणि इतकं सुरेख की वायरवाल्याशिवाय कोणाला पत्ता लागला नसता. म्हणूनच वायरवाल्याची खोबणी आधी काळी झाली.

आता बोंब मारायची तर अडचण माझीच. मला सगळे उचापत्या म्हणतात. ह्याच कारखान्यात मी भुशाच्या पिंपात स्पीकर ठेवून पिंपाला "जरा हळू" म्हणायला लावलंय. मी सांगितलं असतं की लाकूड बदललंय, तर पहिला प्रश्न आला असता, "आता तू कुठे लपवलंस?"

म्हणून मी गप्प बसलो, गिटार भिंतीला टेकवली आणि वायर संपल्याचं निमित्त करून बाहेर पडलो. त्या लाकडावर माझ्या माहितीतल्या एकाच माणसाचा डोळा होता.

३

वखारवाल्याची वखार नदीच्या पुलाखाली. हा माणूस चांगलं लाकूड विकत नाही, त्याच्याजवळ बसून राहतो. डावऱ्याच्या फळीबद्दल कळल्यापासून त्याने धाकटीच्या घरी तीन चकरा मारल्या होत्या.

"डावऱ्याचं अक्रोड तुमच्याकडे आहे?" मी सरळच विचारलं.

त्याने चष्मा कपाळावर चढवला. "माझ्याकडे असतं तर मी इथे माश्या मारत बसलो असतो? दुकान बंद करून घरी त्याच्या शेजारी बसलो असतो."

"कोणी विकायला आणलं असेल."

"आणलं असतं तर त्याला आधी मारलं असतं, मग घेतलं असतं. असलं लाकूड विकायला आणतात होय?" तो उठून एका ढिगाकडे गेला आणि वरची फळी थोपटली. "उलट तुमच्याच ताईने माझ्याकडून एक नेली. ह्याच ढिगातली. तीन महिने झाले."

"अक्रोड?"

"वाफवलेलं. मी म्हटलंसुद्धा, पोरी, घरात वीस वर्षं मुरलेलं पडलंय आणि हे उकडलेलं कशाला नेतेस? तर म्हणाली, नमुना करून बघायचाय."

"कधी? वार आठवतो?"

"सोमवार. रविवारी बंद असतो ना मी. सकाळी कुलूप उघडायला आलो तर दारात उभी. डोळे सुजलेले. सर्दी झालीय म्हणाली."

परत येताना पूल कधी संपला कळलं नाही. तात्यांची लेक सर्दीतही कामावर येते आणि डोळे कधी सुजवत नाही. तिची आई गेली त्या दिवशीसुद्धा तिने आधी सगळ्यांना पाणी दिलं होतं.

४

कारखान्याच्या मागच्या खोलीत पॉलिशवाला. त्याची नखं कायमची तपकिरी. त्याच्या डब्यातून मी एकदा बाईचा आवाज काढला होता, तेव्हापासून मी दारात दिसलो की तो आधी डबे मोजतो.

"आज कुठे काय ठेवलंयस?" तो म्हणाला.

"आज मस्करी नाही."

"मागच्या वेळी हेच म्हणालास, आणि वॉर्निशने मला नमस्कार केला."

मी दार लोटून घेतलं आणि स्टुलावर बसलो. न हसता. तेव्हा त्याने ब्रश खाली ठेवला.

"धाकटीच्या गिटारीला जांभळा रंग तू दिलास?"

तो चिंधीने बोटं पुसायला लागला. "तीन दिवस लागले. चार केसांचा ब्रश घेऊन एकेक रेघ. ताई म्हणाली, लाकूड आतून फिकं निघालं, धाकटीला वाईट वाटेल, जरा सावरून घे."

"तुला शंका नाही आली?"

"आली ना. पण माझं काम शंकेवर पॉलिश मारायचं." मग आवाज उतरला. "हे बघ, डावऱ्या माझ्याकडे येऊन तासन्‌तास बसायचा. काम नसलं तरी. त्याचं लाकूड फिकं निघेल असं मला वाटलं नव्हतं. पण ताई कधी मागत नाही काही. त्या दिवशी मागितलं."

म्हणजे फळी तिने आणली, रंग तिने मागितला, खोबणी तिने काळी केली. तिन्ही बोटं एकीकडेच. मला खरं तर खूश व्हायला हवं होतं. झालो नाही.

कारखान्यात आलो तर ताई माझ्याच बाकापाशी उभी. गिटार तिच्या हातात, खोबणी वर, आणि मी खरवडलेला नखभर ओरखडा तिच्या अंगठ्याखाली.

५

"बस," ती म्हणाली, आणि खुर्ची पुढे केली.

मी बसलो नाही.

"मीच केलं," ती म्हणाली. "तात्यांना काही माहीत नाही. फळीला आतून तडा होता. उभा, लांबच्या लांब. धाकटीला काय सांगणार होते? भावाचं लाकूड फुटकं निघालं? सरस तापवायच्या शेगडीत घातलं आणि दुसरं आणलं."

"जाळलंस?"

"हो."

"तडा कधी दिसला?"

"रंधा मारतानाच. अजून कापायलासुद्धा घेतलं नव्हतं."

"आणि नवीन फळी तात्यांनी कापली. त्यांना फरक कळला नाही?"

"त्यांचे डोळे आता..." ती थांबली. "कळला नाही."

तात्या. जे लाकडाला नाक लावून त्याचं वय सांगतात.

"उद्या काही बोलू नकोस," ती म्हणाली. "तुझी आजपर्यंतची प्रत्येक मस्करी मी सहन केली. ही एक माझी सहन कर."

खरं सांगतो, मी मानेने हो म्हणत होतो. नजर दुसरीकडे वळवायची म्हणून भिंतीकडे वळवली, आणि तिथे फर्मे टांगलेले होते.

फर्मा म्हणजे प्लायवूडचा कापलेला आकार. तो फळीवर दोन्हीकडून चिकटणाऱ्या टेपने बसवायचा आणि त्याच्या कडेने मशीन फिरवायचं, की गिटारीचं अंग निघतं. ह्या आकाराचा फर्मा एकच आहे. एक बाजू वर ठेवून कापलं की उजव्या हाताची गिटार, उलटा करून कापलं की डाव्या हाताची. मी तो खिळ्यावरून काढला.

उजव्या बाजूला टेपचा डिंक आणि त्यात अडकलेला करडा भुसा. ठीक, नवीन फळीचा. मी फर्मा उलटला.

ती बाजू बावीस वर्षांत एकाच गिऱ्हाइकासाठी वापरलेली. जुना डिंक सुकून पिवळा पडलेला. पण त्याच्यावर एक थर ताजा होता, बोटाला अजून चिकटत होता, आणि कडेने त्यात भुसा बसला होता. मी बोटाला थुंकी लावून घासलं.

जांभळा.

"ताई," मी म्हटलं, "जे लाकूड कापायच्या आधीच जळालं, त्याचा भुसा इथे कसा?"

तिने माझ्या हातातला फर्मा बघितला. ती त्या खुर्चीवर स्वतःच बसली.

"त्यांना नको विचारूस," ती म्हणाली. "माझं नाव घे. उद्या सगळ्यांसमोर घे. पण त्यांना नको."

६

तात्या खिडकीपाशी पटाशीला धार लावत होते. मी फर्मा त्यांच्यासमोर ठेवला, डावी बाजू वर. त्यांनी पटाशी पुसली, धार बघितली, खणात ठेवली. घाई नव्हती.

"लाकूड जळालं नाही," मी म्हटलं. "विकलंही नाही. ते कापलं. अगदी शेवटपर्यंत नीट कापलं. पण डाव्या हाताचं, आणि मानेची खाच, पाठीतली खोबणीही कोरून, म्हणजे नुसतं पालटून उजवं करायची सोय नाही. फळी एकच, परत कापायला लाकूड नाही. दुसऱ्या दिवशी ताई वखारीच्या दारात उभी राहिली. आणि ह्या कारखान्यात मशीनवर अंग कापणारा माणूस एकच आहे."

"बोलून झालं?"

"झालं."

तात्या खिडकीबाहेर बघत होते. समोरच्या भिंतीवर एक माणूस शिडी लावून पाटी पुसत होता.

"रविवार होता," ते म्हणाले. "मी एकटाच. फळी बाकावर घेतली. तिला त्याच्या घराचा वास होता अजून, त्या सिगारेटींचा. फर्मा काढला, टेप लावली. बावीस वर्षं त्याच्यासाठी जी बाजू, तीच. हाताने मला विचारलंच नाही. उलट इतकं छान चाललं होतं, उचापत्या, की मी मनात त्याच्याशी बोलत होतो. म्हटलं ह्या वेळी पट्टा अडकवायचं ते वरचं शिंग जरा लांब ठेवतो, तुझा खांदा दुखतो ना. कापून झालं, मांडीवर घेतलं, आणि मग आठवलं तो नाहीये."

मी फर्मा पालथा करून ठेवला, उजवी बाजू वर.

"लेक सोमवारी आली तेव्हा मी तसाच बसलेलो. तिने काही विचारलं नाही. नवीन फळी आणून समोर ठेवली. मी कापली."

"आणि ते कुठाय?"

त्यांनी बाकाखालचं कपाट उघडलं. आतून चादर काढली, उलगडली. डावऱ्याचं अक्रोड. घासून, गोलाई देऊन, तेल पाजून पुरं केलेलं, फक्त मान नव्हती. जांभळ्या रेषा कडेपर्यंत वाहत गेलेल्या. भिंतीला टेकलेली ती गिटार एकदम रंगवलेली वाटायला लागली.

"चाळीस वर्षांत अशी चूक नाही केली," तात्या म्हणाले. "उद्या बाहेर कळलं तर लोक म्हणतील म्हातारा कामातून गेला. मग लेकीकडे तरी कोण येणार? तू वायरी घाल. धाकटीला चांगली गिटार मिळतेय. वाईट नाहीये ती."

"तात्या, मी आयुष्यभर लोकांना बनवत आलो. पण माझी एक अट असते, शेवटी ज्याला बनवलं तोही हसला पाहिजे. इथे कोण हसणार?"

ते चादरीच्या घड्या सरळ करत राहिले.

"वायरी मी घालतो," मी म्हटलं. "आवाज येईल. बाकी तुमचं तुम्ही बघा."

७

धाकटी चारला पाच कमी असताना आली. नवीन पट्टा घेऊन आली होती, कातड्याचा, खांद्यावर टाकलेला. आम्ही चौघंही कारखान्यात होतो, आणि चौघांनाही एकाच वेळी काहीतरी झाडायचं, पुसायचं आठवलं होतं.

तिने गिटार घेतली. मानेच्या पट्ट्या मोजल्या, एबनीवर बोट फिरवलं, ताईकडे बघून म्हणाली, "फ्रेटची एक कडसुद्धा टोचत नाही." मग बसली आणि वाजवायला लागली. स्पीकर न लावता, वरच्या शिंगाला हनुवटी टेकवून. बेसवाले असं करतात, लाकूड थेट हाडातून ऐकू येतं. तिने डोळे मिटले. तीनच सूर, खालून वर, परत खाली.

"हा दादाच्या खोलीतला आवाज आहे," ती म्हणाली.

पॉलिशवाला मागच्या खोलीत निघून गेला.

"नाही," तात्या म्हणाले.

"तात्या," ताई म्हणाली.

"नाही. ते लाकूड हे नाही." ते उठले, कपाटापर्यंत गेले, चादर बाकावर आणून ठेवली आणि उघडली. "हे आहे."

समजावून सांगायची गरज पडली नाही. तिने ते उचललं, मांडीवर घेतलं, आणि ते तिच्या मांडीवर उलटं बसलं. लांब शिंग खाली, आखूड वर.

"डावी कापलीत," ती म्हणाली.

"हो."

"त्याच्यासाठी."

"हो."

"आणि मी ही दुसरी घरी घेऊन गेले असते."

"हो."

"त्याची गाणी त्याची म्हणून ह्या कुठल्यातरी लाकडावर... आणि तुम्ही सगळे बघत राहिला असता."

"हो," तात्या म्हणाले. कारण सांगितलं नाही, वयही पुढे केलं नाही. हात बाजूला सोडून उभे राहिले, मास्तरांसमोर राहावं तसे.

ती रागावली होती. गाल लाल झाले होते, आणि मला वाटलं आता उठेल, चादरीत ते लाकूड गुंडाळेल आणि जाईल. तसं झालं असतं तर कोणी तिला अडवलं नसतं. ती तशीच बसून राहिली. अंगठा जांभळ्या रेषेवरून पुढे गेला, मागे आला. मग ती रडली, थोडंच, आणि बाहीने नाक पुसलं.

"ती मान ह्याला बसेल?" तिने विचारलं.

तात्यांना समजायला वेळ लागला. "बसेल. खाच तीच आहे. पण अंग डावं राहील, तू उजवी. बटणं वर येतील, कोपराखाली."

"चालेल."

"वायरी परत घालायला लागतील," मी म्हटलं. "पैसे घेणार नाही, शिव्या देईन फक्त."

ती हसली नाही, पण माझ्याकडे बघितलं तरी.

"वरचं शिंग आखूड पडेल," तात्या म्हणाले. आता त्यांच्या आवाजात कारागीर परत आला होता. "पट्टा तिथे अडकवलास की तोल जाईल. उभी राहून वाजवताना मान सारखी खाली पडेल. मी खोटं सांगणार नाही, ते मला दुरुस्त करता येणार नाही."

"पडू दे. मी धरीन."

"पूर्ण गाणंभर?"

"सहाच्या सहा."

तात्यांनी माझ्याकडे न बघता हात पुढे केला. मी स्क्रू-ड्रायव्हर दिला. ताईने दिवा जवळ ओढला. त्यांनी पहिल्या स्क्रूला टोक लावलं, आणि धाकटी पुढे सरकून मेपल-वेंगेची ती मान दोन्ही हातांनी धरून उभी राहिली, शेवटचा स्क्रू सुटेपर्यंत.